उप्सालाच्या तेरा नेशन्स: सभासदत्व घ्यावं का, आणि घेतलं तर कसं वापरावं

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या फीमध्ये नेशनचं, म्हणजे पब, जेवणं आणि कार्यक्रम चालवणाऱ्या विद्यार्थी-संस्थेचं, सभासदत्व येत नाही. ते वेगळं घ्यावं लागतं, दर सत्राला पैसे भरून, आणि ते घ्यायलाच हवं अशी सक्ती १ जुलै २०१० पासून उरलेली नाही. त्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला कुठल्यातरी नेशनचा सभासद व्हावंच लागायचं. आता प्रश्न सरळ आहे: काहीशे क्रोनर खर्चून हे कार्ड खिशात ठेवण्यात अर्थ आहे का? आमचं उत्तर हो असं आहे. फक्त या सेवेचं मोल गिऱ्हाईक म्हणून जेवढं मिळतं, त्याच्या कितीतरी पट काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून मिळतं. हे न कळल्यामुळे बाहेरून आलेले बरेच विद्यार्थी पहिल्या सत्रानंतर नूतनीकरण करत नाहीत, आणि नेमकं मिळायला सुरुवात होणार तेव्हाच बाहेर पडतात.

नेशन म्हणजे प्रांताच्या नावानं चालणारी विद्यार्थ्यांची संस्था. विद्यापीठ १४७७ सालचं. नेशन्सनी बाळसं धरलं सतराव्या शतकात. गिरणगावात गावकीच्या खोल्या जशा उभ्या राहिल्या तशीच ही सुरुवात: एका मुलखातून आलेली मुलं शहरात एकमेकांना धरून राहिली, आजारपणात आणि पैशाच्या अडचणीत एकमेकांना सांभाळू लागली. नव्या मुलांचा छळही त्यात होता, म्हणून विद्यापीठानं आधी या संघटना मोडायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा १६६३ साली त्यांना मान्यता देऊन प्रत्येकीवर देखरेखीला एक प्राध्यापक नेमण्याचा मार्ग काढला. त्या पदाला इन्स्पेक्तोर म्हणतात आणि ते आजही आहे. स्मोलांडहून आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस स्मोलांड्स नेशनमध्ये, हा तेव्हाचा हिशेब. आज प्रांताचं बंधन नाही. सोलापूरच्या मुलीनं व्हेर्मलांड्समध्ये नाव घातलं तरी कुणी काही विचारत नाही.

तेरा नेशन्स अशा: स्टॉकहोल्म्स, उपलांड्स, गेस्त्रिके-हेल्सिंगे, ओस्तयोता, वेस्तयोता, सॉदर्मानलांड्स-नेरिकेस (बोलताना स्नेरिकेस), वेस्तमानलांड्स-दाला (बोलताना व्हे-दाला), स्मोलांड्स, यॉतेबोर्य, काल्मार, व्हेर्मलांड्स, नॉर्लांड्स आणि गॉटलांड्स. चौदावी स्कोनेलांडेन्स ही वेगळ्या धर्तीची आहे, तिला स्वतःचं घर नाही. बाकी प्रत्येकीची शहराच्या मध्यवस्तीत स्वतःची इमारत आहे: सभागृह, पब, स्वयंपाकघर, बहुतेक ठिकाणी ग्रंथालय आणि वाचनाची खोली. कारभार विद्यार्थीच बघतात. वर कुरातोर असतात, बहुतेक ठिकाणी तीन. पहिला नेशनचं नेतृत्व आणि बाहेरचं प्रतिनिधित्व करतो, दुसरा हिशेब सांभाळतो, तिसऱ्याकडे कार्यक्रम आणि इमारतीचा गाडा. ही माणसं त्या काळापुरती शिक्षण बाजूला ठेवून पूर्णवेळ काम करतात आणि निवडून आलेली असतात. तुमच्या ईमेलला उत्तर देणारा माणूस सहा महिन्यांनी बदललेला असेल, हे धरूनच चाला. महत्त्वाचं काही ठरलं असेल तर ते लेखी घेऊन ठेवा.

सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट: एका नेशनचं सभासदत्व घेतलं की तेराही नेशन्सची दारं उघडतात. म्हणजे चांगला पब कुठला, नाच कुठे रंगतो, ब्रंच कुणाचा बरा, यावरून नेशन निवडू नका. ते सगळं तुम्हाला कुठूनही मिळणारच आहे. निवड करायची ती तीन गोष्टींवर: काम कुठे करावंसं वाटेल, शिष्यवृत्ती आणि खोल्या कुणाकडे किती आहेत, आणि आकार. नॉर्लांड्स सर्वांत मोठी. फ्यूरिस नदीकाठची तिची इमारत प्रशस्त आहे, गायनवृंदापासून खेळापर्यंत सगळं तिथे सापडतं, पण स्वतःहून पुढे न येणारा माणूस तिथे वर्षभर अनोळखी राहू शकतो. गॉटलांड्स आणि काल्मार लहान. तिथे दोनचार वेळा भांडी घासायला उभे राहिलात की लोक नावानं हाक मारतात. गॉटलांड्सला आणखी एक मान आहे. स्वीडनमधली पहिली विद्यार्थिनी बेट्टी पेटरसन १८७२ साली उप्सालाला आली ती याच नेशनमध्ये. व्हे-दालाची १९६५ सालची इमारत फिनलंडचा वास्तुकार आल्वार आल्तो यानं रेखाटलेली आहे. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी सभासद नसले तरी ती आतून पाहावी. स्वीडिश येत नसेल आणि एकटे आला असाल, तर आमचा कौल लहान नेशनला.

नाव नोंदवायची वेळ म्हणजे शरद सत्राची सुरुवात, ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर. नव्या सभासदाला रेक्के म्हणतात, आणि त्या काही आठवड्यांत रेक्केंसाठी फेरफटके, खेळ आणि शेवटी स्वागताचं जेवण असतं. हे सगळं बहुतांशी इंग्रजीतून निभतं. जानेवारीत दाखल झालात तरी नोंदणी होते, पण गर्दी कमी आणि कार्यक्रमही कमी. नोंदणी कचेरीत जाऊन किंवा ऑनलाइन होते, नेशननुसार. पासपोर्ट आणि विद्यापीठात नाव नोंदवल्याचा पुरावा जवळ ठेवा. कचेरीच्या वेळा आठवड्यातून मोजक्याच असतात, त्यामुळे जाण्याआधी त्या पाहून निघा.

दारावर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: चालू सत्राचं सभासदत्व आणि फोटो असलेलं ओळखपत्र. हा दारवानाचा हट्ट नाही. नेशन्सना दारू विकायचा परवाना आपल्या मंडळींपुरता असतो, सर्वसामान्य लोकांसाठी नाही, म्हणून सभासद नसलेल्याला आत घेतलं तर परवानाच धोक्यात येतो. आधार कार्ड किंवा भारतीय वाहन परवान्यावर विसंबू नका. स्वीडिश ओळखपत्र हातात येईपर्यंत पासपोर्ट लागतो, आणि तो रात्री खिशात बाळगणं जोखमीचं आहे. म्हणून व्यक्तिक्रमांक (स्वीडनमधल्या रहिवाशाला मिळणारा नोंदणी क्रमांक) मिळाल्याबरोबर कर खात्याकडे ओळखपत्रासाठी अर्ज करा. भेटीला आलेल्या भावाला किंवा मैत्रिणीला न्यायचं असेल तर पाहुणेकार्ड काढावं लागतं. ते सगळ्या नेशन्सच्या सामाईक कचेरीतून, म्हणजे कुरातोर्सकॉन्व्हेन्तेतकडून मिळतं. दारात पोचल्यावर ते काढता येत नाही. रोख रक्कम जवळपास कुठेच चालत नाही. हिवाळ्यात कोट ठेवायचे वेगळे पैसे पडतात.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. आठवड्याच्या दिवसांत दुपारी फिका, म्हणजे कॉफी आणि गोड पाव, कुठे पॅनकेक, काही ठिकाणी दुपारचं जेवण, संध्याकाळी पबमध्ये बर्गर आणि तळलेले बटाटे, शनिवार-रविवारी ब्रंच. कुठे काय चालू आहे ते नेशन्सगाइडेन या संकेतस्थळावर एकत्र दिसतं. दर शहरातल्या हॉटेलांपेक्षा नक्की कमी, आणि त्याचं कारण राबणारे हात विद्यार्थ्यांचे. त्याच कारणानं दर्जा हलतो. स्वयंपाकघर सांभाळणारी मंडळी सत्रागणिक बदलते. वसंतात आवडलेला ब्रंच शरदात कोरडा लागू शकतो. त्यामुळे ‘अमुक नेशनचं जेवण उत्तम’ हे दोन वर्षांपूर्वीचं मत आज कामाचं नाही.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. हलूमी चीजचा बर्गर बहुतेक पबमध्ये असतो. मात्र स्वीडनमध्ये शाकाहारी म्हणजे अंडं चालणारा असं धरतात. अंडं चालत नसेल तर ते स्पष्ट लिहा किंवा सरळ व्हेगन निवडा. पन्ना कोतासारख्या गोडात जिलेटिन असतं, आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवायला वापरतात तो जनावराच्या जठरातला पदार्थ) असू शकतं. पाळत असाल तर विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यानं घरून जेवून जावं, तिथे ते जमवणं अवघड आहे.

नेशनची खरी ओळख होते ती गास्कमध्ये. गास्क म्हणजे गाण्यांसह चालणारं, तीन पदार्थांचं औपचारिक जेवण. बाहेरच्या कुठल्याही उपाहारगृहात हे विकत मिळत नाही, आणि आमच्या मते सभासदत्वातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पण तिथे न सांगता पाळायचे नियम बरेच असल्यानं नवखा माणूस पहिल्या वेळी बावरतो.

तिकीट आधी काढायचं. त्यातच आहार आणि पेय लिहायचं: दारूसह की दारूविना. दारूविना तिकीट सर्रास घेतलं जातं, त्यात काही अवघडल्यासारखं नाही; गाताना हातात सरबताचा ग्लास असला तरी चालतो. नोंदणी बंद झाली की माणसं मोजून सामान आणलं जातं, म्हणून टेबलावर बसल्यावर ‘मी मासे खात नाही’ सांगून उपयोग होत नाही. वेळेचंही गणित आहे. दिवसा विद्यापीठात दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी तास सुरू होतो. संध्याकाळी सहानंतर ही सवलत अर्ध्या तासाची होते आणि निमंत्रणावर ‘डीके’ (दुब्बेलक्वार्त, म्हणजे दुप्पट पाव तास) असं लिहिलेलं असतं. सहा डीके म्हणजे साडेसहा. पण वेळेपुढे ठळक टिंब किंवा ‘प्रेसीस’ असेल तर ठोक्याला हजर राहायचं.

आत गेल्यावर आधी बसण्याचा नकाशा पाहून आपलं नाव शोधा. खुर्चीमागे उभं राहायचं, यजमानांनी सांगितल्यावर बसायचं. पहिल्या गाण्याआधी ग्लासाला ओठ लावायचे नाहीत. गाण्याचं पुस्तक टेबलावर असतं, गाणी मुख्यतः स्वीडिश. अर्थ कळला नाही तरी चाली सोप्या आहेत, दुसऱ्या कडव्यापासून गाता येतं. गाणं संपलं की ग्लास उचलून आधी शेजारी बसवलेल्या आपल्या टेबल-जोडीदाराशी, मग दुसऱ्या बाजूच्या माणसाशी, मग समोरच्याशी नजर मिळवायची, घोट घ्यायचा, पुन्हा नजर मिळवायची आणि मगच ग्लास खाली ठेवायचा. ही दुसरी नजर नवखे हमखास विसरतात. मध्येच उठून बाहेर जाणं शिष्टाचारात बसत नाही. विश्रांती जाहीर होते, तोवर थांबायचं. कॉफीबरोबर पुंश येतो, म्हणजे अराकपासून केलेली गोड दारू. अठराव्या शतकात यॉतेबोर्यच्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीनं पूर्वेकडून आणलेल्या मालातून ही चव स्वीडनमध्ये रुजली. गोडीमुळे ती हलकी वाटते, पण तिच्यात दारूचं प्रमाण बरंच असतं, जपून घ्या. अखेरचं गाणं सगळे खुर्चीवर उभे राहून म्हणतात, आणि त्यानंतर पुन्हा बसायचं नसतं, जेवण संपलं. मग दारं उघडतात आणि जेवणाचं तिकीट नसलेलेही नाचायला येतात.

पोशाख निमंत्रणावर लिहिलेला असतो. काव्हाय म्हणजे कोट-टाय, मोर्क कोस्तूम म्हणजे गडद सूट, आणि बॉलसाठी (नाचाच्या मोठ्या औपचारिक समारंभासाठी) फ्राक, म्हणजे मागे शेपट्या असलेला काळा कोट आणि पांढरा बो. फ्राक भाड्यानं घ्यायला खर्च येतो. इथे आपल्याला एक मोठी सोय आहे: स्वीडिश रिवाजात आपल्या देशाचा पारंपरिक पोशाख फ्राकच्या बरोबरीचा मानला जातो. त्यामुळे पैठणी किंवा बंदगळा बेधडक चालतो, आणि बॅगेत एक नग टाकून नेणं हा शहाणपणाचा खर्च आहे. परतताना रात्री पारा शून्याखाली दहापर्यंत उतरलेला असू शकतो. साडीखाली लोकरी आतले कपडे आणि पायात बूट घाला, चपला पिशवीतून न्या.

आता काम. प्रत्येक नेशन हातांच्या शोधात असते. फॉर्म भरला की स्वयंपाकघर, बार, गल्ला, कोटघर, भांडी अशा पाळ्या मिळतात. मोबदला सगळीकडे सारखा नाही: कुठे तासावर पैसे, कुठे जेवण आणि सत्राअखेर आभाराची मेजवानी. पैसे असतील तर ते स्वीडिश बँकखात्यात जमा होतात, म्हणून खातं उघडेपर्यंत पैसे अडकतात. पहिल्या पाळीआधी विचारून घ्या. पोट भरेल एवढी कमाई यातून होणार नाही, तशी अपेक्षा ठेवून कुणी येऊ नये.

भाषा येत नसताना सुरुवात भांडी धुण्यापासून करा, कारण तिथे बोलावं कमी लागतं आणि ओळखी भराभर होतात. काम असं चालतं: ताटातलं उष्टं आधी खरवडून कचऱ्यात, मग फवाऱ्यानं पाणी मारून ताटं जाळीच्या ट्रेमध्ये उभी, ट्रे यंत्रात ढकलून झाकण खाली ओढायचं, एकदोन मिनिटांत ताटं वाफाळत बाहेर. ग्लास वेगळ्या ट्रेमध्ये लावायचे. तुपकट ताटांसोबत ते टाकले की काचेवर पातळ तवंग राहतो आणि बिअरला फेस धरत नाही. बारवरून तक्रार येते आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. गाळणी तुंबली की पाणी गढूळ होतं आणि ताटं चिकट निघतात, म्हणून दर थोड्या वेळानं ती काढून झटकायची. गरम ट्रे लगेच रचू नका. उष्णतेनं ताटं आपोआप वाळतात, त्यांना दोन मिनिटं द्या. एवढं नीट करणाऱ्याला पुढच्या वेळी स्वयंपाकघरात बोलावणं येतं, आणि मग सत्राच्या पदांसाठी उभं राहायचा रस्ता खुला होतो.

या कामाची किंमत दोन ठिकाणी वसूल होते. पहिली शिष्यवृत्ती. जुन्या देणग्यांचे निधी नेशन्सकडे आहेत आणि त्यांची रक्कम सभासदांनाच वाटली जाते. अर्जात अभ्यासाचे गुण तर पाहतातच, शिवाय किती सत्रं सभासद आहात आणि नेशनसाठी काय केलंत हेही पाहतात. काही निधी ठरावीक प्रांतातल्या मुलांसाठी राखीव असतात, ते सोडून द्या. उरलेल्यांत परदेशी विद्यार्थी अर्ज करू शकतो. त्यामुळे कुठल्या कार्यक्रमात कोणतं काम केलं याची तारखेसह नोंद ठेवा, आणि सोडून जाणाऱ्या कुरातोरकडून दाखला तो असेपर्यंत घ्या. मधलं एखादं सत्र पैसे न भरता गेलं तर मोजणीत खंड पडतो. नेशन बदलली तरी बहुधा नव्यानं मोजणी सुरू होते.

दुसरी, राहायची जागा. काही नेशन्सकडे विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या खोल्या आहेत. रांगेत सभासदत्वाचा काळ आणि नेशनमधलं काम मोजलं जातं. पहिल्या शरदात यावर भिस्त ठेवू नये. उप्सालात ऑगस्ट-सप्टेंबरात खोल्यांची चणचण असते. येण्याआधीच विद्यापीठाच्या आणि खाजगी रांगांत नाव घाला. नेशनची खोली दुसऱ्या वर्षासाठी धरा.

३० एप्रिलचं वाल्बोरी, म्हणजे वसंताच्या स्वागताचा सण, ही वेगळीच गोष्ट. सकाळी नदीत विद्यार्थ्यांनी बनवलेल्या तराफ्यांची शर्यत, दुपारी नेशन्समध्ये हेरिंग माशाचं जेवण, तीन वाजता कारोलिना रेदिवीवा ग्रंथालयाच्या सज्जातून रेक्तोर, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख, पांढरी टोपी उंचावतात आणि खाली जमलेल्या हजारो लोकांच्या टोप्या हवेत नाचतात. मग उतारावरून गर्दी नेशन्सच्या दिशेनं धावत सुटते, तिथे शॅम्पेनचा जल्लोष असतो. पांढरी टोपी शालान्त परीक्षेची खूण आहे. आपल्याकडे ती नसते आणि नसली तरी उभं राहायला कुणाची हरकत नसते. हेरिंगच्या जेवणाची आणि शॅम्पेनची तिकिटं आधी विकली जातात आणि संपतात. आपल्या नेशनच्या सभासदांना बहुधा आधी संधी असते, म्हणून त्या आठवड्यांत नेशनचे निरोप वाचत राहा. शॅम्पेन अंगावर उडते. चांगले कपडे घालू नका.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. सभा आणि निवडणुका मुख्यतः स्वीडिशमध्ये चालतात. कुरातोर व्हायचं असेल तर भाषा शिकण्याला पर्याय नाही. शनिवारी रात्री लोकप्रिय ठिकाणी दहानंतर गेलात तर थंडीत रांगेत उभं राहावं लागतं, कारण आगीच्या नियमांनुसार आतल्या माणसांची संख्या ठरलेली असते आणि कुणी बाहेर पडल्याखेरीज आत सोडत नाहीत. लवकर जाणं हाच उपाय. बरीचशी मौज दारूभोवती फिरते. ज्याला ती नको त्यानं फिका, गायनवृंद, नाटक आणि ग्रंथालय हे धागे धरावेत, ते पुरेसे भरीव आहेत. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहुतेक नेशन्स बंद असतात, मोजक्याच उघड्या राहतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतही तीच गत. उन्हाळ्यात प्रबंध लिहायला थांबणाऱ्यानं नेशनच्या वाचनखोलीवर अवलंबून न राहता विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा पाहून ठेवावी.

लुंद या स्वीडनमधल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या शहरात जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथेही नेशन्स आहेत, पण नोंदणी स्टूडेंटलुंद या सामाईक व्यवस्थेतून होते आणि एकाच शुल्कात विद्यार्थी संघही येतो. वर लिहिलेले कार्डाचे आणि पाहुण्यांचे नियम उप्सालाचे आहेत. लुंदचे तिथे विचारून घ्या.